अमेरिकेंतील वादसभा आणि लोकमताचा कांटा

इतिहासांतील कांहीं गोष्टी सांगावयास सोयीच्या असल्यामुळेंच टिकून राहतात. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या अध्यक्षपदासाठीं १९६० सालीं जी निवडणूक झाली, तिच्याविषयीं सर्वतोमुखीं असलेली गोष्ट या जातीची आहे. त्या वर्षीं ता. २६ सप्टेंबरच्या रात्रीं शिकागो येथील एका दूरचित्रवाणीकेंद्रांत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार सेनेटर जॉन केनेडी व रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन हे एकमेकांच्या समोर आले. आणि अध्यक्षपदाच्या दोन प्रमुख उमेदवारांचा वाद साऱ्या राष्ट्रानें घरबसल्या पाहण्याचा तो पहिलाच प्रसंग ठरला. गोष्ट सांगतात ती अशी : निक्सन हे गुडघ्याच्या विकारामुळें रुग्णालयांत राहून नुकतेच बाहेर पडलेले, अंगानें झडलेले, चेहऱ्यावर दाढीची काळसर छटा, ओठावर घामाचे थेंब, आणि अंगांतील करडा पोषाख मागील भिंतीच्या रंगांत विरून गेलेला. केनेडी मात्र तरतरीत, उन्हांत रापलेले व गडद पोषाखांत उठून दिसणारे. ज्यांनीं हा सामना डोळ्यांनीं पाहिला त्यांना केनेडी जिंकलेसे वाटले. ज्यांनीं तो नभोवाणीवर नुसता ऐकला त्यांना निक्सन जिंकलेसे वाटले. आणि पाहणारे बहुसंख्य असल्यामुळें अध्यक्षपद केनेडींच्या पदरांत पडलें.

वरवर पाहतां हा एका निवडणुकीचा वृत्तांत आहे. परंतु त्याच्या पोटांत मतदाराच्या बुद्धीविषयीं एक निकाल दडलेला आहे. गोष्ट खरी असेल, तर राष्ट्राचा कारभार कोणाच्या हातीं द्यावयाचा हें कोट्यवधि प्रौढ माणसें एखाद्याच्या ओठावरील घामावरून ठरवितात असें कबूल करावें लागेल. आणि मग उमेदवारानें मंत्र्यापेक्षां न्हाव्याचा सल्ला अधिक मोलाचा मानला, तर त्याला दोष कोणत्या तोंडानें द्यावा? अमेरिकेंतील राजकारणी मंडळींनीं हा बोध खरोखरच घेतला. व्यासपीठाची उंची, सभागृहांतील उष्णतामान, उमेदवारांनीं कोठें उभें राहावें, यांविषयीं दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींमध्यें तहाचीं कलमें ठरावीं तशी घासाघीस होऊं लागली. २००४ सालीं झालेला असला करारनामा ३२ पृष्ठांचा होता. यास्तव ही मूळ गोष्ट कितपत खरी आहे हें तपासून पाहणें अगत्याचें आहे. सुदैवानें त्याचीं साधनें हाताशीं आहेत. वादापूर्वीं व वादानंतर घेतलेल्या मतचांचण्यांचे सहा दशकांहून अधिक काळाचे आंकडे आतां जमले आहेत, आणि त्यांवर विद्वानांनीं पुष्कळ परिश्रम केले आहेत.

वादसभा व मतचांचणी या दोन्ही संस्थांचीं कुळें वेगवेगळीं आहेत. वादसभेचा मूळपुरुष म्हणून अमेरिकन माणूस १८५८ सालाकडे बोट दाखवितो. त्या वर्षीं इलिनॉय संस्थानांत अब्राहम लिंकन व स्टीफन डग्लस यांच्यांत सात ठिकाणीं सात वाद झाले. पहिल्या वक्त्यानें एक तास बोलावें, दुसऱ्यानें दीड तास उत्तर द्यावें, आणि पहिल्यानें पुन्हां अर्धा तास समारोप करावा, असा नियम असे. आणि शेतकरी मंडळी उघड्या मैदानांत तीन तीन तास तें ऐकत उभी राहत. तो वाद अध्यक्षपदासाठीं नव्हता, सेनेटमधील एका जागेसाठीं होता. पुढें नभोवाणीचा काळ आला. १९४८ च्या मे महिन्यांत ऑरेगॉन संस्थानांत रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठीं झगडणारे टॉमस ड्यूई व हॅरल्ड स्टासेन यांनीं कम्युनिस्ट पक्ष बेकायदा ठरवावा कीं नाहीं या एकाच प्रश्नावर नभोवाणीवरून तासभर वाद केला. एका विषयावर तासभर बोलण्याची ही रीत नंतरच्या वादसभांतून जवळजवळ नाहींशी झाली.

मतचांचणीचा इतिहास याहून अलीकडचा व याहून खडतर आहे. १९३६ सालीं ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानें सुमारें एक कोटि मतपत्रिका टपालानें पाठविल्या. त्यांपैकीं तेवीस लक्षांहून अधिक भरून परत आल्या. आणि त्यांवरून आल्फ्रेड लँडन हे फ्रँक्लिन रूझवेल्ट यांचा पराभव करतील असें भविष्य त्या पत्रानें वर्तविलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांनीं ४८ संस्थानांपैकीं ४६ जिंकलीं. चूक दुहेरी होती. एक तर पत्ते टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतलेले, म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्या वर्गाचे. दुसरें म्हणजे, ज्यांना रूझवेल्ट नकोसे झाले होते त्यांनीं अधिक उत्साहानें पत्रिका परत पाठविल्या. उत्तर देणारा माणूस व न देणारा माणूस हे एकसारखे नसतात हा धडा या प्रकरणानें घालून दिला. तो पुढें आपल्या उपयोगी पडणार आहे. त्याच वर्षीं जॉर्ज गॅलप यांनीं फार थोड्या, परंतु विचारपूर्वक निवडलेल्या माणसांना प्रश्न विचारून निकाल बरोबर सांगितला व या धंद्याची पत वाढविली. १९४८ सालीं मात्र तेच गॅलप ड्यूई जिंकणार असें सांगून बसले आणि हॅरी ट्रूमन निवडून आले.

या दोन संस्थांची गांठ १९६० सालीं पडली. १९३४ च्या एका कायद्यान्वयें प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीनें एका उमेदवारास वेळ दिला कीं इतर सर्व उमेदवारांस, मग ते कितीहि क्षुल्लक असोत, तितकाच वेळ देणें भाग होतें. काँग्रेसनें तें कलम त्या निवडणुकीपुरतें स्थगित केलें व दोघांच्याच वादास वाट मोकळी झाली. तोंपर्यंत दर दहा अमेरिकन घरांपैकीं सुमारें नऊ घरांत दूरचित्रवाणीसंच पोंचला होता. पहिला वाद सुमारें सात कोटि माणसांनीं पाहिला असा अंदाज आहे. एकंदर चार वाद झाले. पहिल्या वादापूर्वीं गॅलप यांच्या चांचणींत निक्सन यांना शेंकडा ४७ व केनेडींना शेंकडा ४६ मतें होतीं. वादानंतर केनेडी ४९ व निक्सन ४६ असा पालट झाला.

आंकडे पाहून मनुष्य चटकन् म्हणतो, ‘हा पहा चेहऱ्याचा प्रभाव !’ परंतु येथें किंचित् थांबलें पाहिजे. हजार-दीड हजार माणसांना विचारून साऱ्या राष्ट्राचें मत काढावयाचें म्हणजे भाताची शितें चेपून पाहण्यासारखें आहे. पद्धत योग्य आहे, पण तिला एक अंगभूत मर्यादा आहे. अशा चांचणींतील प्रत्येक आंकडा दोनतीन टक्क्यांनीं इकडे किंवा तिकडे असूं शकतो, आणि दोन उमेदवारांमधील अंतर तर त्याच्या जवळजवळ दुपटीनें चुकूं शकतें. एका टक्क्याच्या पिछाडीची तीन टक्क्यांची आघाडी होणें हें या मर्यादेच्या आंत बसतें. कांटा हालला हें खरें. वजनानें हालला कीं वाऱ्यानें, हें एवढ्यावरून सांगतां येत नाहीं. शेवटीं सुमारें ६ कोटि ८८ लक्ष मतांपैकीं केनेडींना अवघ्या सव्वा लक्षाहून कमी मतांचें आधिक्य मिळालें. एवढ्या निसटत्या निकालाचें श्रेय कोणत्याहि कारणास देतां येतें. केनेडी कॅथॉलिक पंथाचे होते, त्यामुळें कांहीं मतें त्यांच्याकडे आलीं व कांहीं दुरावलीं. टेक्सासचे लिंडन जॉन्सन त्यांच्या जोडीला होते. त्या वर्षीं व्यापारांत मंदी होती. ऑक्टोबर महिन्यांत मार्टिन लूथर किंग तुरुंगांत असतां केनेडींनीं त्यांच्या पत्नीला दूरध्वनि करून धीर दिला. यांपैकीं एकटा घामाचा थेंबच काय तो निर्णायक, असें मानावयास आधार कोणता ?

नभोवाणीच्या श्रोत्यांची कथा तर याहून कच्च्या पायावर उभी आहे. तिचा मुख्य आधार म्हणजे सिंडलिंगर नांवाच्या संस्थेनें केलेली एक चांचणी. तींत निक्सन यांना श्रेष्ठ मानणारे नभोवाणीश्रोते केनेडींना मानणारांच्या दुपटीहून अधिक निघाले, हें खरें. परंतु ते श्रोते मुळांत तीनशेंहि नव्हते. डेव्हिड व्हॅन्सिल व स्यू पेंडेल या दोन अभ्यासकांनीं १९८७ सालीं या कथेची झडती घेतली व तिच्यांतील उणीव दाखवून दिली. ज्या काळीं नव्वद टक्क्यांच्या आसपास घरांत संच होता, त्या काळीं नभोवाणीच ऐकणारा माणूस कोण असणार ? तो बहुधा दूरच्या खेड्यांतला, प्रॉटेस्टंट पंथाचा व आधींपासूनच निक्सन यांच्याकडे झुकलेला असण्याचा संभव अधिक. वादापूर्वीं त्या श्रोत्यांचें मत काय होतें हें त्या चांचणीवरून कळत नाहीं. मग तें वादानें बनलें असें म्हणावें कसें?

तथापि कथेंत सत्याचा अंशच नाहीं असेंहि नव्हे. २००३ सालीं जेम्स ड्रकमन यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना त्या जुन्या वादाची माहिती नव्हती अशा लोकांपैकीं कांहींना त्यांनीं त्याचें चित्र दाखविलें व कांहींना नुसता आवाज ऐकविला. चित्र पाहणाऱ्यांत केनेडींना विजयी ठरविणारे अधिक निघाले, आणि उमेदवाराच्या सचोटीविषयींचा ग्रह त्यांच्या निर्णयांत अधिक शिरला. म्हणजे डोळ्यांचा प्रभाव कानांहून वेगळा पडतो. परंतु वाद कोणी जिंकला असें वाटणें व मत कोणाला द्यावें हें ठरणें, या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. आणि रूढ कथा या दोहोंची सरमिसळ करून टाकते.

ही सरमिसळ होण्याचें कारण मतदार कोरी पाटी आहे अशी आपली समजूत होय. दूरचित्रवाणी येण्यापूर्वींच तिला धक्का बसला होता. पॉल लाझार्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४० सालच्या निवडणुकीच्या वेळीं ओहायो संस्थानांतील ईरी परगण्यांत त्याच त्या माणसांना महिनोन्‌महिने पुन्हां पुन्हां भेटून त्यांचीं मतें टिपून ठेविलीं. प्रचाराच्या धुमश्चक्रींत एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे गेलेलीं माणसें त्यांना फार थोडीं आढळलीं; बहुतेकांच्या बाबतींत प्रचारानें मुळांतील कलच पक्का केला होता. १९६० च्या वादांवर झालेल्या तीसएक पाहण्या एकत्र करून एलिहू कॅट्झ व जेकब फेल्डमन यांनीं १९६२ सालीं जो आढावा घेतला, त्याचें तात्पर्यहि असेंच होतें. या वादांनीं डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकांची आपल्या उमेदवारावरील श्रद्धा दृढ केली. त्यापलीकडे अंतिम निकाल बदलला असें निश्चयपूर्वक म्हणणें त्यांना अवघड वाटलें.

राजकारणी पुरुषांस मात्र कथेची धास्ती बसली. १९६४, १९६८ व १९७२ या तीन निवडणुकांत वाद झालेच नाहींत. ज्याची सरशी होत होती त्याला व्यासपीठावर चढण्याचा धोका नको होता. १९७५ सालीं नियमांचा नवा अर्थ लावण्यांत आला, बाहेरील संस्थेनें भरविलेला वाद ही वार्ता मानावी असें ठरलें, आणि १९७६ सालीं जेरल्ड फोर्ड व जिमी कार्टर यांच्या वादांनीं ही प्रथा पुन्हां सुरू झाली.

त्यांतील दुसरा वाद अभ्यासकांस फार उद्बोधक वाटतो. सान फ्रान्सिस्को येथें ता. ६ ऑक्टोबर रोजीं अध्यक्ष फोर्ड यांनीं पूर्व यूरोपवर सोव्हिएट रशियाचें वर्चस्व नाहीं असें विधान केलें. पोलंड व हंगेरी यांची स्थिति ज्यांना ठाऊक होती त्यांना तें ऐकून आश्चर्य वाटलें. पण त्याच रात्रीं फोर्ड यांच्या पक्षाच्या चांचणीकारांनीं ज्या श्रोत्यांना विचारलें, त्यांच्या दृष्टीनें फोर्ड हरलेले नव्हते, आणि पूर्व यूरोपचा उल्लेख आपण होऊन कोणी केलाहि नाहीं. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रें व वृत्तनिवेदक यांनीं त्या वाक्याचा घोष सुरू केला. आणि त्या दिवशीं सायंकाळपर्यंत ज्यांना विचारलें त्यांपैकीं बहुसंख्यांनीं कार्टर यांना विजयी ठरविलें. वाद तोच, श्रोतेहि त्याच राष्ट्राचे. मध्यें फक्त एक दिवसाचें भाष्य पडलें होतें. १९८४ सालीं अध्यक्ष रेगन व वॉल्टर माँडेल यांच्या पहिल्या वादानंतर हाच प्रकार झाला. त्या रात्रीं माँडेल यांची सरशी माफक वाटली होती. वृद्ध रेगन गोंधळले याची चर्चा दोन दिवस चालल्यावर तीच सरशी कितीतरी पटींनीं वाढली. नोव्हेंबरमध्यें रेगन यांनीं ५० पैकीं ४९ संस्थानें जिंकलीं. तेव्हां ज्याला आपण ‘वादाचा परिणाम’ म्हणतों, त्याचा पुष्कळसा भाग वादावरील टीकेचा परिणाम असतो. आणि तोहि मतपेटीपर्यंत पोंचतोच असें नाहीं. १९७६ च्या उन्हाळ्यांत गॅलप यांच्या चांचणींत फोर्ड शेंकडा ३० हून अधिक मतांनीं मागें होते. त्या बहुचर्चित चुकीनंतरहि तें अंतर कमी होत जाऊन अखेरीस अवघें दोन टक्के उरलें.

मग वादानें कधींच कांहीं होत नाहीं काय ? तसें म्हणणें एकांगीपणाचें होईल. १९८० सालीं कार्टर व रेगन यांचा एकच वाद झाला, तो मतदानाच्या आधीं केवळ एक आठवडा, ता. २८ ऑक्टोबर रोजीं क्लीव्हलंड येथें. तोंपर्यंत चांचण्यांत चुरस होती. महागाई व बेकारी यांनीं लोक कार्टर यांच्यावर रुष्ट होते. परंतु रेगन हे एके काळचे नट, बोलण्यांत जहाल, त्यांच्या हातीं अणुबाँब कसा द्यावा अशी शंका अनेकांच्या मनांत होती. वादांत ते शांत व प्रसन्न दिसले, आणि अखेरीस त्यांनीं श्रोत्यांस विचारलें कीं, चार वर्षांपूर्वीं होतां त्यापेक्षां आज तुमची स्थिति बरी आहे काय ? आठवड्यानें रेगन यांना जवळजवळ दहा टक्क्यांचें आधिक्य मिळालें. त्याच आठवड्याच्या शेवटीं तेहरानमधील अमेरिकन ओलिसांच्या सुटकेची आशा पुन्हां मावळली, म्हणून सर्व श्रेय वादास देतां येत नाहीं. परंतु येथें एक सामान्य सूत्र दिसतें. १९६० सालचे केनेडी व १९८० सालचे रेगन हे दोघेहि सत्तेबाहेरचे व लोकांस पुरतेपणीं न पारखलेले उमेदवार होते. ज्यांना त्यांच्याकडे वळावेंसें वाटत होतें परंतु मन कचरत होतें, त्यांना वादानें धीर दिला. हा परिणाम खरा आहे. मात्र त्यांत मतदाराचा भोळेपणा मुळींच नाहीं. नोकरीस ठेवण्यापूर्वीं मनुष्य समोर बसवून पाहावा, यांत गैर तें काय ?

उलट, ज्यांना लोक चार वर्षें पाहत आले आहेत त्यांच्या बाबतींत कांटा हाललेला दिसला तरी संशय घ्यावा हें बरें. २०१२ सालचें उदाहरण या बाबतींत निर्णायक आहे. ता. ३ ऑक्टोबर रोजीं डेनव्हर येथें अध्यक्ष बराक ओबामा हे मिट रॉम्नी यांच्यापुढें निस्तेज दिसले. गॅलप यांनीं विचारलेल्या श्रोत्यांपैकीं शेंकडा ७२ जणांनीं रॉम्नी यांना सरस ठरविलें व शेंकडा २० जणांनीं ओबामांना. गॅलप यांच्याच चांचणींत वादापूर्वीं ओबामा ५० व रॉम्नी ४५ होते, ते वादानंतर प्रत्येकीं ४७ झाले. प्यू या संस्थेच्या चांचणींत तर सप्टेंबरमधील ओबामांची आठ टक्क्यांची आघाडी जाऊन रॉम्नी चार टक्क्यांनीं पुढें निघाले. एका रात्रींत लक्षावधि लोकांनीं मतें बदललीं, असेंच कोणासहि वाटलें असतें.

परंतु त्या वर्षीं अँड्र्यू गेलमन व त्यांचे तीन सहकारी एका वेगळ्या साधनानें हाच काळ मोजीत होते. घरगुती खेळयंत्राच्या द्वारें त्यांनीं सुमारें साडेतीन लक्ष माणसांकडून साडेसात लक्ष मुलाखती भरून घेतल्या होत्या, आणि त्यांपैकीं पुष्कळांनीं एकाहून अधिक वेळां उत्तरें दिलीं होतीं. म्हणून तोच माणूस काल काय म्हणाला व आज काय म्हणतो हें ताडून पाहतां आलें. त्यांना असें आढळलें कीं, मत बदललेलीं माणसें अगदीं थोडीं होतीं. बदलली होती ती उत्तर देणारांची जात. आपला उमेदवार खजील झालेला पाहून डेमोक्रॅटिक पक्षाचीं माणसें खट्टू झालीं व प्रश्नकर्त्यास टाळूं लागलीं. उलट बाजूच्या लोकांना उत्साह आला व तीं हौसेनें उत्तरें देऊं लागलीं. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ला ज्या खड्ड्यानें पाडलें, तोच खड्डा शहात्तर वर्षांनीं पुन्हां आडवा आला होता. चांचणीनें मतांतर मोजलें नव्हतें, पक्षांच्या मनांतील उल्हास व उदासी मोजली होती. नोव्हेंबरमध्यें ओबामा सुमारें चार टक्क्यांनीं निवडून आले. दिसतें तसें नसतें, हें आपल्याकडील म्हणीनें फार पूर्वींच सांगून ठेविलें आहे.

पुढील निवडणुकांनीं या निष्कर्षास दुजोराच दिला. २०१६ सालीं हिलरी क्लिंटन व डोनल्ड ट्रम्प यांचा पहिला वाद सुमारें ८ कोटि ४० लक्ष लोकांनीं पाहिला. तिन्ही वादांत श्रोत्यांनीं क्लिंटन यांना सरस ठरविलें. त्यांना मतेंहि सुमारें दोन टक्क्यांनीं अधिक मिळालीं. पण संस्थानवार मोजणींत अध्यक्षपद ट्रम्प यांच्याकडे गेलें. २०२४ च्या सप्टेंबरमध्यें फिलाडेल्फिया येथील वादांत कमला हॅरिस यांची सरशी झाली असें बहुसंख्य श्रोत्यांनीं सांगितलें, आणि नोव्हेंबरमध्यें त्यांचा पराभव झाला.

याच वर्षीं ता. २७ जून रोजीं अटलांटा येथें झालेला वाद मात्र निराळ्या रीतीनें इतिहासांत राहील. अध्यक्ष जो बायडन यांचें बोलणें त्या रात्रीं अडखळलें, वाक्यें अर्धवट राहिलीं. चांचण्यांच्या सरासरींत त्यांची हानि सुमारें दोनच टक्क्यांची झाली, कारण त्यांच्या वयाविषयींची चिंता लोकांनीं आपल्या मनांत कधींच हिशेबांत धरली होती. हादरले ते त्यांच्याच पक्षांतील पुढारी व देणगीदार. ता. २१ जुलै रोजीं बायडन यांनीं उमेदवारी मागें घेतली. वादानें अध्यक्षपदाच्या स्पर्धेंत घडवून आणलेला हा बहुधा सर्वांत मोठा पालट. आणि तो सामान्य मतदाराचें मत फिरून झालेला नाहीं. मतदारास जें आधींपासून दिसत होतें, तें त्या रात्रीं पुढाऱ्यांस कबूल करावें लागलें.

या सर्व पुराव्याचा गोषवारा दोन ग्रंथकारांनीं काढला आहे. रॉबर्ट एरिक्सन व क्रिस्टोफर व्लेझिएन यांनीं १९५२ पासूनच्या निवडणुकांतील चांचण्या ओळीनें मांडून २०१२ सालीं असें दाखविलें कीं, वादांच्या मोसमापूर्वीं जी स्थिति असते तीच बहुधा नंतरहि असते. पक्षांच्या महाअधिवेशनांनीं होणारा फरक याहून मोठा व टिकाऊ असतो. कॅरोलिन ले पेनेक व व्हिन्सेंट पाँ यांनीं तर अमेरिकेबाहेरील देशहि घेऊन साठांहून अधिक निवडणुका तपासल्या. लोक मतदानापूर्वींच्या आठवड्यांत मन ठरवितात किंवा बदलतात हें त्यांना दिसलें, परंतु त्यांत दूरचित्रवाणीवरील वादांचा हात त्यांना आढळला नाहीं.

यावर एक आक्षेप निघूं शकतो व तो न्याय्य आहे. परिणाम लहान असला तरी निसटत्या निवडणुकींत लहान गोष्टच निकाल लावते. २००० सालीं फ्लॉरिडा संस्थानांत ५३७ मतांनीं जॉर्ज बुश अध्यक्ष झाले. त्या वर्षीं पहिल्या वादांत आल गोर यांनीं प्रतिपक्षी बोलत असतां टाकलेले सुस्कारे बरेच गाजले, आणि त्यानंतर त्यांची आघाडी ओसरली. पांचशें सदतीस माणसें सुस्काऱ्यांनीं फिरलीं नसतील असें कोण छातीठोकपणें म्हणेल ? परंतु हाच न्याय त्या दिवशींच्या पावसास, मतपत्रिकेच्या आंखणीस व वाटेंत बिघडलेल्या मोटारीसहि लागू पडतो. एवढ्या सूक्ष्म तराजूंत ज्याचें वजन पडत नाहीं अशी वस्तुच नाहीं. आणि म्हणूनच एका वस्तूस मुख्य कारण ठरवितां येत नाहीं.

आमच्या मतें खरा दोष वादसभेंत नाहीं आणि चांचणीच्या गणितांतहि तितकासा नाहीं. तो विचारलेल्या प्रश्नांत आहे. आपल्या न्यायशास्त्रानें चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत : तत्त्वनिर्णयासाठीं चालतो तो वाद, नुसत्या विजयासाठीं चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा खोडणें ती वितंडा. वाद संपतांक्षणींच ‘जिंकलें कोण ?’ असें विचारणारा चांचणीकार श्रोत्यास जल्पाचा पंच बनवितो. मग श्रोत्यानें पोषाखाकडे व चेहऱ्याकडे पाहून उत्तर दिलें तर तो अपराध प्रश्नाचा. ‘तुम्हांस नवें काय कळलें ?’ असें विचारलें असतां उत्तर अगदीं निराळें येतें. वाद पाहिल्यानें कोणता उमेदवार कोणत्या प्रश्नावर कोणत्या बाजूस आहे याचें लोकांचें ज्ञान वाढतें, असें अनेक पाहण्या एकत्र करून विल्यम बेनोइट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००३ सालीं दाखवून दिलें आहे. हा लाभ कांट्यावर दिसत नाहीं, म्हणून वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतहि येत नाहीं.

१८५८ सालीं इलिनॉयमध्यें चांचणीकार नव्हते. त्या काळीं सेनेटर निवडण्याचा अधिकार संस्थानच्या विधिमंडळाकडे होता. त्यानें डग्लस यांस निवडलें, आणि ‘जिंकलें कोण?’ या प्रश्नाचें उत्तर तेवढ्यापुरतें मिळालें. परंतु लिंकन यांनीं त्या सातहि वादांचीं वृत्तें जपून ठेविलीं होतीं. तीं १८६० सालीं पुस्तकरूपानें निघालीं आणि गुलामगिरीचा प्रश्न काय आहे हें त्यांवरून पुष्कळांनीं सावकाश वाचून समजून घेतलें. त्याच वर्षीं लिंकन हे अध्यक्ष निवडून आले आणि डग्लस त्या निवडणुकींत त्यांचेच एक प्रतिस्पर्धी होते.